नाशिक फाटा–चाकण–खेड: उन्नत मार्ग होईपर्यंत जमिनीवर काय करता येईल?

कुरुळी फाटा | सोम, रात्री ९:१५

पुणे-नाशिक महामार्गावरच्या नाशिक फाटा ते खेड (राजगुरुनगर) या ३० किमीच्या आठपदरी उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. खर्च ७,८२७ कोटी रुपये, पद्धत बांधा-वापरा-हस्तांतरित करा. वर आठ पदर, खाली आहे त्या रस्त्याचं चार ते सहा पदरी रुंदीकरण आणि दोन्ही बाजूंना दुपदरी सेवारस्ते. तो हवा की नको हा या धाग्याचा विषय नाही. त्यासाठी जुना धागा आहे, तिथली हाणामारी अजून संपलेली नाही.

माझा प्रश्न मधल्या काळाबद्दल आहे. वरून गाडी धावेपर्यंत काही पावसाळे जातील, आणि खांबांचं काम चालू असताना आत्ताचा रस्ताही आकसणार. तोवर भोसरी, मोशी, चिंबळी, कुरुळी, चाकण या पट्ट्यात कारखान्याच्या पाळीला जाणाऱ्या माणसासाठी काय करता येईल? अट एकच: नवी जमीन घ्यायची नाही आणि खर्च एखाद्या नगरपरिषदेला झेपेल एवढाच.

माझ्या मते आधी माहिती सुधारावी. बस कुठे आहे, चौक किती तुंबलाय, कोणता फाटा बंद आहे हे आधी कळलं तर निम्मा ताप कमी होतो. रस्ता आणि बस यांचं नंतर बघू. जाणकारांनी मतं मांडावीत, आकड्यांसह.

दुसरी पाळी | सोम, रात्री ९:३२

मार्ग उन्नत होईपर्यंत आपलीच उन्नती व्हायची. थेट वर.

मोशीकर | सोम, रात्री ९:४०

असहमत. चाळीस मिनिटांनी येणारी बस चाळीस मिनिटांनी येणार हे मोबाईलवर कळून माणूस काय करतो? सिक्स सीटर पकडतो. तो आजही तेच करतो, फक्त डेटा पॅक वाचवून.

सिग्नलमन | सोम, रात्री १०:२०

या रस्त्याचं दुखणं चौकांत आहे, मधल्या लांबीत नाही. दोन चौकांमध्ये गाड्या बऱ्यापैकी पळतात आणि पुढच्या रांगेच्या शेपटाला जाऊन लागतात. स्पाइन रोडचा छेद, मोशीचा भारतमाता चौक, आळंदी फाटा, चाकणचा तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक यांच्यावर काम केलं तर बराच फरक पडेल.

आकडे हवेत म्हणालात म्हणून सांगतो. हिरवा दिवा असताना चौकातून तासाला किती वाहनं सुटू शकतात, याचं आपल्याकडे चालणारं सूत्र म्हणजे ५२५ गुणिले रस्त्याची रुंदी मीटरमध्ये. उत्तर कार-एककांत येतं (प्रत्येक वाहन किती कारच्या बरोबरीचं, या हिशेबाने) आणि सूत्र साडेपाच मीटरच्या वरच्या रुंदीला लागू पडतं. सात मीटर मोकळे असतील तर ३,६७५. आता थांबारेषेपाशी एक टेम्पो आणि दोन सिक्स सीटर प्रवासी घ्यायला उभ्या राहिल्या आणि वापरायला साडेतीन मीटर उरले, तर कोष्टकातला आकडा १,८९०. सिग्नलची वेळ तीच, पोलीस तेवढेच, रस्ताही तोच, आणि क्षमता निम्मी. म्हणून सगळ्यात स्वस्त काम म्हणजे थांबे हलवणं. बसथांबा आणि सिक्स सीटरचा थांबा दोन्ही चौक ओलांडून पुढे, निदान ५० ते ७५ मीटरवर. चौकाच्या अलीकडे काहीही थांबता कामा नये.

दुसरं, उजवी वळणं. चार टप्प्यांच्या सिग्नलमध्ये दर टप्प्याला सुमारे चार सेकंद वाया जातात, म्हणजे एका चक्रात (सगळ्या दिशांना एकदा हिरवा मिळेपर्यंत) १६. सिग्नलची वेळ ठरवायचं वेबस्टरचं सूत्र सांगतं: इष्टतम चक्र म्हणजे दीडपट वाया वेळ अधिक ५, भागिले एक वजा एकूण भार (भार म्हणजे येणारी वाहनं भागिले सुटू शकणारी वाहनं, सगळ्या टप्प्यांची बेरीज). भार ०.८ धरला तर चक्र १४५ सेकंदांचं येतं. एक उजवं वळण काढून टप्पे तीन केले आणि भार ०.६५ वर आला तर सुमारे ६६. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण दिशा हीच. चक्र जितकं लांब तितकी रांग लांब, आणि रांग मागच्या फाट्यापर्यंत गेली की तो फाटाही बंद.

गिअरबॉक्स | सोम, रात्री १०:४८

उजवं वळण काढलं की पुढे यू-टर्न द्यावा लागणार. तो ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर कसा घेणार? त्याला वळायला साधारण १२ मीटर त्रिज्या लागते, म्हणजे २४ मीटरचं वर्तुळ. आपले दोन्ही बाजूंचे सात-सात मीटर आणि मधला दुभाजक धरूनही १६ मीटर भरत नाहीत. मग ट्रेलर मागे-पुढे करत वळतो आणि तेवढा वेळ दोन्ही दिशा बंद.

सिग्नलमन | सोम, रात्री ११:०५

@गिअरबॉक्स, मुद्दा बरोबर आहे. म्हणून यू-टर्न फक्त हलक्या वाहनांना. वळणाच्या तोंडाशी उंचीची कमान बसवायची. ट्रेलरनं डावीकडे वळून एमआयडीसीच्या आतल्या रस्त्याने फिरून चौकात सरळ यायचं. हा वळसा दाखवणारी पाटी चौकात लावून उपयोग नसतो, ती निदान अर्धा किलोमीटर आधी हवी. आणि आतल्या रस्त्यावर दोन्ही कडेला ट्रेलर उभे असतील तर सगळं मुसळ केरात.

खडी-डांबर | मंगळ, सकाळी ७:५०

ट्रेलर उभे का असतात ते आधी बघा. कारखान्यांना माल वेळेवर पाहिजे असतो पण तासभर आधी आलेली गाडी आत घ्यायची नसते. फाटकाबाहेरचा रस्ता म्हणजे त्यांचं फुकटचं गोदाम. फाटकाला वेळ ठरवून दिली आणि वेळेआधी आलेल्या गाडीला वाहनतळावर थांबायची सक्ती केली तर आतले रस्ते मोकळे होतील. नुसता दंड करून काही होत नाही. दंड ड्रायव्हर भरतो, तो कुठे थांबायचं हे ठरवणारा माणूस नाही.

बाकी माहिती आणि सिग्नल ठीक, पण खड्ड्यांबद्दल अजून कोणी बोललं नाही याचं नवल वाटतं.

पाटी टाका | मंगळ, सकाळी ८:०२

खड्ड्यांबद्दल बोलायचं नसतं. चुकवायचं असतं.

खडी-डांबर | मंगळ, सकाळी ८:५५

चुकवून चुकवूनच ही वेळ आली. थोडं सविस्तर लिहितो.

चौकाआधीच्या शंभरेक मीटरमध्ये डांबर सगळ्यात आधी जातं. जड गाडी तिथे उभी राहते, ब्रेक मारते, पुन्हा उचलते. गरम दिवसांत डांबर पुढे सरकून लाटा उठतात, चाकाखाली चाकोऱ्या पडतात. वर डिझेल ठिबकून डांबर मऊ होतं. चाकोरीत पाणी साचलं की पुढच्या पावसात खड्डा ठरलेला. इथे दरवर्षी डांबराचा नवा थर म्हणजे पैसे पाण्यात. हा तुकडा काँक्रीटचाच हवा. जुना थर खरवडून त्यावर व्हाइट टॉपिंग, म्हणजे काँक्रीटचा थर, चालतो. अडचण अशी की काँक्रीट पिकेपर्यंत तेवढी बाजू बंद ठेवावी लागते, म्हणून एका वेळी एकच पदर आणि दिवाळीच्या सुट्टीसारखा काळ धरून काम करावं लागतं. पेव्हर ब्लॉक मात्र अजिबात नको. खालची वाळू पाण्याबरोबर जाते आणि ब्लॉक नाचायला लागतात.

खड्डा बुजवायची रीत सगळ्यांना माहीत असते, पाळत कोणी नाही. खड्ड्याभोवती चौकोन कापायचा, कडा उभ्या, तळ घट्ट लागेपर्यंत. माती, सुटी खडी, पाणी सगळं काढायचं. तळाला आणि कडांना टॅक कोट (माल चिकटण्यासाठी पातळ डांबराचा हात), चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. बादलीभर ओतलं तर उलट माल त्यावर घसरतो. मग गरम माल थरांत भरायचा, कडेपासून मध्याकडे दाबत यायचं. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पसरताना निदान १४० अंश हवा, आणि ९० च्या खाली जायच्या आत दाबून झाला पाहिजे. प्लँट लांब आहे, डंपर वाहतुकीत अडकला, वर ताडपत्री नाही, तर जागेवर येईपर्यंत माल गार. तो कितीही दाबा, पोकळ्या राहतात आणि पाणी शिरतं. म्हणजे वाहतूक कोंडीमुळे खड्डा नीट भरत नाही, आणि खड्ड्यामुळे कोंडी.

मोजमाप: एक मीटर बाय एक मीटर, पाच सेंटीमीटर खोल खड्ड्याला दाबलेला माल साधारण ११५ किलो लागतो. दोन घमेली टाकून फावड्याने थापटलेलं दिसलं की हिशेब तुम्हीच करा.

पावसात गरम माल टाकायचाच नाही. त्यासाठी तयार थंड मिश्रण पिशव्यांत मिळतं, त्याला रस्ते काँग्रेसची आयआरसी ११६ ही संहिता आहे. महाग पडतं, पण पावसाळ्यापुरतं टिकतं.

नकाशेवाला | मंगळ, सकाळी ९:३०

@खडी-डांबर, दंडवत. पाणी कडेला जाण्यासाठी लागणाऱ्या आडव्या उताराबद्दलही लिहा ना.

खडी-डांबर | मंगळ, सकाळी ९:४४

जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला अडीच टक्के, म्हणजे सात मीटर रुंदीत एका कडेपासून दुसरीपर्यंत साडेसतरा सेंटीमीटर. साइडपट्टीचा उतार त्याहून अर्धा टक्का जास्त हवा. प्रत्यक्षात दर वेळी वर थर चढवतात, साइडपट्टीवर माती साठते, आणि पट्टी रस्त्यापेक्षा उंच होते. पाण्याला जायला जागाच नाही. फावडं घेतलेले चार मजूर मे महिन्यात साइडपट्टी छाटत फिरले तरी कितीतरी खड्डे वाचतील. पण त्याचं उद्घाटन होत नाही, त्यामुळे नारळ फुटत नाही, त्यामुळे काम होत नाही.

कुरुळी फाटा | मंगळ, सकाळी १०:१०

सगळं पटतंय, पण धागा माहितीकडून खड्ड्यात गेलाय.

फेरीवाला नाही फेरीवाला | मंगळ, दुपारी १:२०

बसचं गणित लिहितो, त्यातून माहितीकडेही येऊ.

धरा, भोसरी ते चाकण एका बाजूचा प्रवास ५० मिनिटांचा. दोन्ही टोकांना १० मिनिटं विश्रांती. एक पूर्ण चक्र १२० मिनिटं. दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर १२ बस लागतात. कोंडीमुळे तोच प्रवास ७५ मिनिटांचा झाला, की चक्र १७० मिनिटं आणि बस १७. पाच जादा बस, पाच जादा चालक, पाच जादा वाहक, आणि थांब्यावरच्या माणसाला दिसायला तीच दहा मिनिटं. डेपोकडे १२ च असतील तर बस १० ऐवजी सुमारे १४ मिनिटांनी येईल, प्रत्यक्षात तीही दोन-दोनच्या जोडीने.

आता ड्युटी बघा. आठ तासांतून जेवण, डेपोत जाणं-येणं, हिशेब जमा करणं वजा केलं तर चालवायला सुमारे सात तास उरतात. १२० मिनिटांच्या चक्रात साडेतीन फेऱ्या बसतात, १७० मध्ये जेमतेम दोन-अडीच. ड्युटी संपते म्हणून शेवटची फेरी रद्द होते. संध्याकाळी 'बसच येत नाही' अशी जी बोंब असते तिचं मूळ इथे आहे. चालकाचा आळस वगैरे काही नाही. भाड्याच्या गाड्यांना पैसे किलोमीटरवर मिळतात, कोंडीत किलोमीटर होत नाहीत, म्हणून ठेकेदारालाही कोंडीचा मार्ग नको असतो.

म्हणून चौकात बसला आधी सोडणं म्हणजे नवीन बस घेण्यासारखंच आहे, फक्त फुकटात. पूर्ण लांबीची वेगळी मार्गिका नको. चौकाआधी डावीकडे ८० ते १०० मीटरचा एक पदर फक्त बससाठी.

मोशीकर | मंगळ, दुपारी १:४५

पुन्हा बीआरटी (बसची वेगळी मार्गिका) का! २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर झालं, २०१५ मध्ये रेनबो नावाने नवी बीआरटी आली, नगर रस्त्यावरची काढूनही टाकली. अजून पोट भरलं नाही?

फेरीवाला नाही फेरीवाला | मंगळ, दुपारी २:१०

मोशीकर, मी म्हणतोय ते वेगळं आहे. रेनबोची स्थानकं मधोमध, दार उजवीकडे. तिथे एसटी थांबूच शकत नाही, तिची दारं डावीकडे. चाकण रस्त्यावर पीएमपीपेक्षा (पुण्याची शहर बस) एसटी आणि कंपन्यांच्या बस जास्त. त्यामुळे इथे डाव्या कडेचाच पदर चालेल, तोही फक्त चौकापुरता. शंभर मीटर राखायला एक माणूस पुरतो, पाच किलोमीटर राखायला पुरत नाहीत. पूर्वीच्या मार्गिका त्याच कारणाने बुडाल्या.

तळेगाव दाभाडेकर | मंगळ, दुपारी ३:०५

दुचाकीवाले त्या शंभर मीटरमध्ये शिरणार नाहीत असं समजणारा माणूस या रस्त्यावर कधी आलेलाच नाही.

दुसरी पाळी | मंगळ, दुपारी ३:११

+१. फुटपाथवरून जातात, तुम्ही पदराचं काय घेऊन बसलात.

सिग्नलमन | मंगळ, दुपारी ४:००

दुचाकी शिरली तर फार बिघडत नाही, ती बससमोर चार सेकंदांत निघून जाते. टेम्पो आणि रिक्षा शिरली की बिघडतं. मधल्या रेषेवर रबरी खांब लावा आणि पदराच्या तोंडाशीच थांबा ठेवू नका, बास.

नकाशेवाला | मंगळ, संध्याकाळी ६:३०

आता माहितीबद्दल. धागाकर्त्याला जे हवंय ते तीन वेगळ्या गोष्टींचं मिश्रण आहे: वेळापत्रक, बसची जागा, आणि बस थांब्यावर कधी येईल याचा अंदाज.

वेळापत्रकासाठी जगभर जीटीएफएस नावाची साधी रचना वापरतात. चार-सहा मजकुराच्या फायली: थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरची वेळ, आणि कोणत्या वारी काय चालतं याचं कॅलेंडर. दिल्लीने २०१८ मध्ये ही माहिती आणि बसची चालू जागा दोन्ही सर्वांसाठी खुली केली, मग कोणीही अॅप बनवू शकतं. आपल्याकडे २०२४ मध्ये 'आपली पीएमपीएमएल' अॅप आलं, चांगलं झालं. पण या रस्त्यावर पीएमपी, एसटी आणि मेट्रो तिन्ही एकत्र दिसल्याशिवाय प्रवाशाचं काम होत नाही. त्याला फक्त चाकणला जायचंय, बसचा रंग त्याच्या दृष्टीने गौण.

बसची जागा कळायला जीपीएस लागतं. ते बहुतेक गाड्यांत आहेच. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस १४० या वाहन मानकाप्रमाणे ते सक्तीचं झालं. खरी गोची पुढे आहे. जीपीएसचं यंत्र गाडीला जोडलेलं असतं, फेरीला नाही. सकाळी डेपोत एक गाडी सुरूच झाली नाही, तिच्या जागी दुसरी सोडली, तर संगणकाला ते कोणीतरी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर अॅपवर बंद गाडी डेपोत उभी राहून 'येत आहे' दिसते आणि खरी गाडी कोणालाच दिसत नाही. म्हणजे भुताची बस.

पाटी टाका | मंगळ, संध्याकाळी ६:४१

ती फक्त अमावास्येला दिसते की रोज?

नकाशेवाला | मंगळ, संध्याकाळी ७:२०

रोज. सकाळी पहिल्या तासात जास्त, कारण गाड्या तेव्हाच बदलतात. यावर उपाय सॉफ्टवेअरचा नाही. डेपोच्या फाटकातून गाडी बाहेर पडताना नियंत्रकाने गाडी क्रमांक आणि ड्युटी क्रमांक यांची जोडी टाकायची, एवढाच आहे. वाहकाच्या तिकीट यंत्रावर तो ड्युटी तशीही उघडतो. तीच नोंद गाडीच्या क्रमांकासह आपोआप घेतली तर नियंत्रकाचीही गरज नाही.

अंदाजाची चूक वेगळी. सरासरी वेग धरून अंतर भागलं तर मोशीपर्यंत बरोबर येतं आणि चाकणच्या अलीकडे सपशेल फसतं. रस्त्याचे चौक ते चौक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला त्या वाराची, त्या अर्ध्या तासाची आधीच्या बसना लागलेली वेळ वापरायची. पुढे गेलेल्या बसला आत्ता त्या तुकड्यात किती लागले हे मिळालं तर उत्तमच.

आणि थांबे! रस्त्याच्या दोन बाजूंच्या दोन थांब्यांना दोन स्वतंत्र क्रमांक हवेत. अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत, म्हणजे मीटरभराच्या आत. चार दशांशांवर सोडलं तर चूक दहा मीटरच्या घरात जाते आणि थांबा पलीकडच्या बाजूला दिसतो. मग माणूस दुभाजकावरून उडी मारतो. थांब्याचा क्रमांक खांबावर रंगवून टाका. छत नसलं तरी चालेल, क्रमांक हवा.

कुरुळी फाटा | मंगळ, रात्री ८:००

@नकाशेवाला, हेच हवं होतं. मोशीकर, आता सांगा, चाळीस मिनिटांच्या बसची वेळ खरी कळली तर फरक पडतो की नाही?

मोशीकर | मंगळ, रात्री ८:२६

खरी कळली तर पडतो. दहा मिनिटांना बस असेल तिथे अॅप कोणी उघडत नाही, चाळीस मिनिटांना असेल तिथेच लागतं, एवढं मान्य. पण पहिलं काम थांबे हलवायचं, दुसरं तुमचं अॅप. क्रमावर ठाम आहे.

तळेगाव दाभाडेकर | बुध, सकाळी ८:१५

सगळे भोसरीच्या बाजूने बघताय. मावळातून चाकणला येणारे लोकलने तळेगावला उतरून पुढे तळेगाव-चाकण रस्त्याने येतात. पुणे-लोणावळा मार्गाला दोनच रूळ आहेत आणि त्यावरच मेल, मालगाडी, लोकल सगळं. तिसरी-चौथी मार्गिका येईल तेव्हा येईल. तोवर बस लोकलला बांधा. लोकल यायची वेळ अधिक आठ मिनिटं, हीच बसची वेळ. आठ अशासाठी की पूल चढून बाहेर यायला पाचेक मिनिटं जातात. लोकल उशिरा असेल तर बसने पाच मिनिटं जास्त थांबायचं, मग निघायचं. त्याहून जास्त थांबली तर चाकणहून परत येणारी फेरी बिघडते आणि संध्याकाळची लोकल चुकते. दिवसाकाठी दहा-बारा लोकल पकडल्या तरी पुरे, सगळ्यांना बस नको. पाळीच्या वेळा गाठा.

पलीकडे कासारवाडी स्टेशन आणि नाशिक फाटा मेट्रो स्थानक इतकी जवळ असून चाकणची बस दोन्हीकडून सोयीने पकडता येईल असा एक थांबा का नसावा?

दुसरी पाळी | बुध, सकाळी ९:०५

कंपन्यांच्या बस अर्ध्या रिकाम्या धावतात. त्यांनीच वाटेत प्रवासी घ्यावेत की.

फेरीवाला नाही फेरीवाला | बुध, सकाळी ९:४०

कायद्याने जमत नाही. त्यांचा परवाना कंत्राटी वाहतुकीचा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ७४ खालचा. वाटेत थांबून तिकीट घ्यायला टप्पा वाहतुकीचा परवाना लागतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे पाळ्यांच्या वेळा सरकवणं. शेजारच्या चार कारखान्यांच्या पाळ्या एकाच ठोक्याला सुटण्याऐवजी वीस-वीस मिनिटांच्या अंतराने सुटल्या तर त्याच बस दोन कारखान्यांना पुरतात आणि चौकात एकदम लोंढा येत नाही. यात डांबर नाही, सिग्नल नाही, कॅबिनेट नाही. फक्त चार मनुष्यबळ अधिकारी एका टेबलाला बसायला हवेत.

पाटी टाका | बुध, सकाळी ९:५२

म्हणजे सगळ्यात अवघड उपाय हाच.

चालत जाणारी | बुध, दुपारी १२:३०

तीन दिवस झाले, चालणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. बसने जाणारा प्रत्येक माणूस दिवसातून एकदा तरी हा रस्ता ओलांडतो, जाताना नाहीतर येताना. सिग्नलमननी थांबा ७५ मीटर पुढे नेला. चांगलं. पण मग लोक चौकात जाऊन सिग्नलला ओलांडणार नाहीत, थांब्यासमोरूनच ओलांडतील. तिथे दुभाजकात थांबायला निदान दीड-दोन मीटर रुंद जागा हवी, समोर दिवा हवा, आणि थांब्यापासून चौकापर्यंत निदान १.८ मीटरचा सलग फुटपाथ हवा. तो नसेल तर माणसं रस्त्यावरून चालणार आणि तुमचा साडेतीन मीटरचा हिशेब पुन्हा बिघडणार.

सेवारस्त्यावर गतिरोधक टाकलाच तर मापाचा टाका. आयआरसी ९९ प्रमाणे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे २५ किमी वेगाने गाडी सहज जाते. गल्लीतला हातभर रुंद, वीतभर उंच उंचवटा म्हणजे बसमधल्या उभ्या माणसाच्या मणक्याला शिक्षा.

सिग्नलमन | बुध, दुपारी १:१०

@चालत जाणारी, बरोबर. थांबा आणि ओलांडायची जागा एकाच नकाशात काढायला हवी. ओलांडायची जागा बसच्या मागे ठेवायची, पुढे नाही, म्हणजे उभ्या बसआडून माणूस अचानक समोर येत नाही.

अवांतर | बुध, दुपारी २:००

अवांतर: पीएमपीचा दैनिक पास दोन्ही महापालिकांच्या हद्दीत ७० चा, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीसह १५० चा (१ जून २०२५ पासून). चाकण महापालिकांच्या हद्दीबाहेर. म्हणजे मोशीपर्यंत राहणारा आणि कुरुळीला राहणारा यांच्यात दिवसाला ८० रुपयांचा फरक. सिक्स सीटर का भरतात त्याचं हे एक कारण.

कुरुळी फाटा | बुध, रात्री ९:२०

धाग्याचा प्रश्न होता, आत्ता काय करता येईल. आत्तापर्यंतचं बघता थांबे हलवणं, चौकाआधीचा बसचा पदर आणि ड्युटी-गाडीची जोडी या तीन गोष्टी महिन्या-दोन महिन्यांत होण्यासारख्या आहेत. अर्ज कोणाकडे करायचा?

खडी-डांबर | बुध, रात्री ९:५५

एका अर्जाने भागणार नाही. मोशीपर्यंतची हद्द पिंपरी-चिंचवड महापालिकेची, पुढे पीएमआरडीए आणि चाकण नगरपरिषद, मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६०, म्हणून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. वाहतूक नियमन पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाचं. वाहनं थांबवण्या-वळवण्याची अधिसूचना पोलीस काढतात, मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली, तात्पुरती. तिथून सुरुवात करा. तात्पुरत्या अधिसूचनेवर प्रयोग झाला आणि फरक दिसला, की बाकीची खाती मागून येतात. महामार्गावरच्या खड्ड्याच्या तक्रारीला १०३३ हा फोन क्रमांक किंवा राजमार्गयात्रा अॅप. फोटोत किलोमीटरचा दगड दिसू द्या, नाहीतर तक्रार 'जागा सापडली नाही' म्हणून बंद होते.

सिग्नलमन | बुध, रात्री १०:१५

आणि अर्जासोबत मोजणी जोडा. नुसतं 'फार कोंडी होते' कोणी वाचत नाही. तळेगाव चौकात प्रत्येक दिशेला दोन माणसं, सकाळी आणि संध्याकाळी तीन-तीन तास, दर १५ मिनिटांना नवी ओळ. रकाने: दुचाकी, रिक्षा आणि सिक्स सीटर, कार, टेम्पो, बस, ट्रक, ट्रेलर. सरळ, डावं, उजवं वेगळं लिहा. शेवटी एक रकाना, हिरवा दिवा संपल्यावर रांगेत किती उरले. एक दिवस बाजाराचा, एक बिनबाजाराचा. गुरुवार टाळा, भोसरी पट्ट्यातले बरेच कारखाने बंद असतात, आकडा कमी येईल आणि समोरचा तोच धरून बसेल.

तळेगाव दाभाडेकर | बुध, रात्री १०:३१

कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या कुठे लिहायच्या? टेम्पोत की ट्रकमध्ये?

सिग्नलमन | बुध, रात्री १०:३८

स्वतंत्र रकाना करा. आयआरसी ६४ च्या कोष्टकात ट्रक ३ कार-एककं धरतात, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार. कांद्याच्या हंगामात मोजलंत तर नुसत्या त्या रकान्यानेच चौक भरलेला दिसेल.